घाटावरचा नाखवा

अब्बास नाखवा मला कधी आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो. मागनं कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्यानं गोडगोड लिहिलं. माणूस चांगला होता, त्यात वाद नाही. चांगला होता म्हणूनच जास्त डोक्यात जायचा. वाईट माणसाला दोन शिव्या हासडल्या की आपण मोकळे. ह्याला शिवी दिली असती तर पहिली हौसाच माझ्या अंगावर आली असती.

हौसा माझी बायको. तिला जाऊन आता पुष्कळ पावसाळे झाले. घरात तिची आठवण काढणारा मी एकटा उरलो, अन् आठवण काढायला बसलं की हा बाबा मधे येऊन बसतोच. ती होती तेव्हा बसायचा तसाच. म्हणून म्हटलं, त्याचं काय ते एकदा लिहून टाकावं. चौथीपर्यंत शाळा झालीय, तेवढ्यात बसेल तसं.

तो सुकी मासळी विकायचा. आमचं गाव घोटावडं. इकडं पाऊस एकदा बसला की उठत नाही. म्हणून उन्हाळा सरायच्या आत घरोघर बेगमी करायची. मीठ, मिरची, लाकूडफाटा अन् सुकट-बोंबील. माझ्या लहानपणी कोकणातली माणसं बैलांवर मीठ-मासळी लादून घाटवाटेनं वर चढायची अन् भात घेऊन खाली उतरायची. पुढं ते बंद पडलं. मग बहात्तरच्या दुष्काळानंतर एक-दोन सालांनी, चैतात, पिरंगुटच्या बाजारात एसटीच्या टपावरनं वास मारणारी पोती उतरली अन् त्यांच्यामागनं हा उतरला. कुलाबा जिल्ह्यातल्या कुठल्याशा खाडीकाठच्या गावचा. पिरंगुटला तांबोळ्याच्या ओसरीवर मुक्काम टाकायचा अन् मिरगाच्या आत खाली जायचा. तेव्हापासून दर साली.

एसटीत त्याच्या मालाच्या वासानं माणसं नाकाला पदर-उपरणं लावायची. कंडक्टर त्याला पार शेवटच्या बाकावर बसवायचा. उतरताना हा सगळ्यांना हात जोडायचा अन् म्हणायचा, "आज शिव्या द्या, आखाडात आठवण काढाल." अन् खरंच, आखाडात बाहेर धो धो चाललेलं असताना तव्यावर बोंबील पडला की हौसा म्हणायची, "नाखवाभाऊचा बोंबील हाय." बोंबलाला त्याचं नाव कशाला लावायचं? पैसे माझे होते.

अंगानं शेलाटा, डोळे घारे, डावा खांदा ओझं वाहून खाली आलेला. चौकड्याची लुंगी अन् धुऊन धुऊन पिवळी पडलेली पांढरी टोपी. बोलायचा मात्र हळू. आमच्याकडं गडी बोलायला लागला की गोठ्यातली गुरं मान वर करतात. ह्याचं बोलणं ऐकायचं म्हटलं तर पुढं सरकावं लागायचं. बाया सरकायच्या. मी एकदा घरी हळू बोलून बघितलं. हौसानं विचारलं, "घसा बसलाय का?"

त्याच्या तागडीचीही एक तऱ्हा होती. एका पारड्यात वजन, एका पारड्यात मासळी टाकली की हा हात मागं बांधून उभा राहायचा. तागडी झुलायची थांबेस्तोवर तिला बोट लावायचा नाही. बाजारात गर्दी, ऊन डोक्यावर, मागचं गिऱ्हाईक बोंबलतंय, अन् हा म्हणायचा, "तिला थांबू द्या, मग आपण बोलू." अन् माप झालं की एका डबीतनं अत्तराचा कापूस काढून गिऱ्हाइकाच्या हाताच्या मागच्या अंगाला टेकवायचा. मासळीचा वास घरापर्यंत जाऊ नये म्हणून. म्हातारी असो, पोरगी असो, गडी असो, सगळ्यांना. मी हात पुढं केला नाही कधी. हौसा मात्र सांजच्याला भाकरी थापायला बसली तरी हात नाकाशी न्यायची. पीठ मळलेला हात.

तिला तो बाय म्हणायचा. त्यांच्याकडं बहिणीला म्हणतात. त्यामुळं मी झालो दाजी. आता भाऊच म्हणवून घेतल्यावर बोलायची सोय राहिली नाही. सासुरवाडीचा माणूस म्हणून त्याला चहा पाजायचा, अन् वर साखर कमी पडली म्हणून बायकोचं ऐकायचं.

दुसऱ्या का तिसऱ्या साली हौसानं त्याला विचारलं की नाखवा म्हणजे काय. तो म्हणाला, गलबताचा धनी, गलबत चालवतो तो. मला बरं सापडलं. मी म्हटलं, "मग तुझं गलबत कुटं हाय?"

"बुडालं, दाजी. पणज्याच्या टायमाला. आडनाव तेवढं पोहून आलं."

बाया खळाळून हसल्या. टोला मी मारला अन् हसू तो घेऊन गेला. नेहमी असंच.

मग त्यानं रिकामं तरट जमिनीवर पसरलं. एका कडेला बोंबील ओळीनं लावले, उभेच्या उभे. म्हणाला, हा आपला किनारा. लांब पलीकडच्या कडेला खारे बांगडे मांडले. हा अरबस्तान. मधलं तरट म्हणजे समुद्र. त्याच्यावर जवळ्याची चिमूट सोडली, ती गलबतं. अन् गुडघ्यावर बसून तोंडानं फुंकर घातली तशी जवळ्याची काडीकाडी आमच्या बाजूला सरकली. पावसाळा सरत आला की वारा असा तिकडनं इकडं आणायचा, म्हणाला. खजूर, घोडे, मोती घेऊन गलबतं यायची. परत जायचं तर वारा उलटा पाहिजे, अन् तो फिरायचा थंडीत. तोवर काय करणार? माल विकायचा, कापड-मिरी-तांदूळ भरायचा, गलबताला तेल पाजायचं अन् थांबायचं. वारा चुकला तर वरीस गेलं. राहायला खोपट घातलं. नमाजाला चार खांब रोवून वर झावळ्या टाकल्या. भाकरी थापायला कुणी हवं म्हणून इथलीच बायको केली. पोर झालं. त्याला नमाज बापाची अन् बोली आईची.

"ती पोरं म्हंजी आमी," म्हणाला. असंच खाली केरळात झालं, लंकेत झालं, अन् पार मिरी-लवंगांच्या बेटांपर्यंत झालं. जिथं वाऱ्यानं माणसाला थांबवलं तिथं मशीद उभी राहिली.

मी गप्प बसणारा नव्हतो. मी म्हटलं, आम्हाला शाळेत मास्तरनं सांगितलंय, मुसलमान घोड्यावरनं आले, हातात तलवार होती.

"आले की. तेपण आले," म्हणाला. "घाटावर घोडे आले, घाटाखाली गलबतं. एकाच घरात सोयरिका निरनिराळ्या वाटेनं येतात का नाय, दाजी?"

आमच्या गावचा मुलाणी बाजूलाच उभा होता, कोंबडी बगलेत धरून. तो म्हणाला, "म्हंजी आमी घोड्याचं अन् तू मचव्याचा. म्हनून तुज्या अंगाला वास." सगळा बाजार हसला, नाखवाही हसला. मला वाटलं, आता तरी गडी गप्प होईल. पण हौसानं पुन्हा त्यालाच विचारलं, मग इथली माणसं त्यांच्या देवाकडं गेली कशी, निस्ती लग्नानं का? त्यानं सांगितलं, परक्या बंदरात पहिला सवाल एकच असतो, ह्या माणसावर भरवसा ठेवावा का. आपल्यासारखीच नमाज पढणारा दिसला की निम्मा सवाल सुटायचा. म्हणून कितीतरी इथले यापारीही त्या बाजूला गेले. "सगळे काय अल्लासाठी गेले नसतील, बाय. बाप धंद्यासाठी गेला असंल अन् पोर खरंच देवाचं झालं असंल. आतलं कोण सांगणार?"

ही असली भाषा. माझ्या तोंडातनं भात, बैल अन् पाऊस सोडून चौथी गोष्ट निघत नव्हती. चार खाचरं, दोन बैल, एक म्हैस, त्यातनं समुद्र कुठनं काढणार मी? दिवसभर बांधावर दोघं संगं असायचो, तर हौसाचे बोल हाताच्या बोटावर मोजावेत. अन् बाजाराच्या दिवशी त्या तरटापाशी उकिडवी बसली की हिच्या तोंडाला खळ नाही.

त्या दिवशी उठता उठता तिनं अजून एक विचारलं. वारा फिरला की तो अरब परत जायचा का? जायचा, तो म्हणाला.

"अन् ती?"

नाखवा तरटावरचा जवळा मुठीत गोळा करायला लागला. गलबताच्या गोष्टी गलबतातली माणसं सांगत आली, किनाऱ्यावरच्या बाईची गोष्ट कुणी सांगितली नाही, असं काहीतरी म्हणाला. मला आनंद झाला. वाटलं, चला, हितं तरी अडला.  घरी येताना सूसकडच्या फाट्यापाशी हौसा म्हणाली, "तुमी गेला असता का वं वारा फिरल्यावर?"

"मी कुटं जातुया? खाचरं कोण बघंल?"

"त्येच की," म्हणाली. अन् डोक्यावरची पाटी सावरून पुढं चालायला लागली.

पुढच्या साली चैतात पोती उतरवायच्या आधी त्यानं हौसाला शोधलं. म्हणाला, बाय, तुमचं उत्तर आणलंय. गावी त्याची कुणी थोरली आत्या होती, डोळ्यानं अधू, अंथरुणाला खिळलेली. तिला त्यानं विचारलं होतं. ती म्हणाली, आमच्या घरात रीत होती, पावसाळा संपून पहिलं गलबत दिसलं की चुलीपाशी एक पाट जास्तीचा मांडायचा. ज्याची वाट बघितली तो आला तर तो बसंल, नाही आला तर जो खलाशी उपाशी असंल तो बसंल. पाट रिकामा ठेवायचा नाही. बाईनं हे एवढंच करायचं, बाकी वाऱ्याच्या हातात.

हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझं डोकं तापलं. बाजारात उभ्या उभ्या विचारलेली गोष्ट, ती ह्यानं कोकणात नेली, वर्षभर जपली, म्हातारीपाशी बसून तिचं उत्तर घेतलं अन् मासळीसंगं परत वर आणून दिलं. अत्तर परवडलं, लुगडं आणून दिलं असतं तरी परवडलं. लुगड्याला मी लुगडं आणलं असतं. ह्याला काय आणू?

त्याचं खोटं पकडावं म्हणून मी मागावर होतो. एकदा नारळवाला कोकण्या भेटला, त्याच्याच पलीकडच्या गावचा. त्याला चहा पाजून विचारलं. तो पोट धरून हसला. म्हणाला, अब्बास मचव्यात बसला की आतडी बाहेर येईस्तोवर ओकतो. लहानपणी बापानं तीनदा नेला अन् तीनदा किनाऱ्याला आणून टाकला. म्हणून तर घाटावर धंदा करतो, समुद्रापासनं लांब. मला त्या दिवशी पिरंगुटापासनं घोटावड्यापर्यंत चढ लागला नाही. हौसा अंगणात सुकट पाखडत होती. मी सगळं सांगितलं, ओकायची नक्कलसुद्धा करून दाखवली.

ती म्हणाली, "म्हंजी त्यो बी काठावरनंच बगतुया. माज्यावानी." अन् पुन्हा पाखडायला लागली.

तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं की हिला समुद्र बघायचाय. इतक्या सालांत मला बोलली नव्हती. मी ठरवलं, समुद्र दाखवायचा तर मीच दाखवणार. अब्बासला विचारणार नाही, त्याच्या गावाला जाणार नाही, त्याला कळूही देणार नाही. चैतात तो आला की हौसा म्हणेल, भाऊ, आमी बगून आलो. तेव्हा त्याचं तोंड बघायचं होतं मला.

भात झोडून झालं, कणगी भरली. माघातली पुनव धरली, कारण पुनवेला निघालं की काम फत्ते होतं असं आमच्यात मानतात. म्हैस मुलाण्याच्या घरी बांधली. हौसानं ठेवणीतलं लुगडं नेसलं, भाकरी, पिठलं, ठेचा बांधून घेतला. पुणं, पनवेल, तिथनं पुढं आणखी एक एसटी. घाट उतरताना ती खिडकीला चिकटून बसली होती. झाडी बदलली, माड दिसायला लागले, वारा खारट झाला. मला इतकं बरं वाटत होतं की एसटीतल्या परक्या माणसालाही मी सांगितलं, मंडळीला समुद्र दाखवायला चाललोय.

पोचलो तेव्हा दिवस मावळतीला लागला होता. धक्क्यावर गेलो. बघतो तर चिखल. नजर पोचेल तिथपर्यंत काळाकुट्ट चिखल, त्यात तिरके पडलेले मचवे, बगळे फिरतायत, अन् पार लांब, सूर्याच्या खाली, पांढऱ्या दोऱ्यासारखी एक रेघ. मला वाटलं चुकीच्या गावात उतरलो. जाळं शिवत बसलेल्या म्हाताऱ्या कोळ्याला विचारलं, समुद्र कुठंय? त्यानं माझ्याकडं बघितलं, मग हौसाकडं बघितलं. म्हणाला, हाच की. पाणी गेलंय. येतंय रात्री.

आमच्याकडं धरणाचं पाणी उन्हाळ्यात खाली जातं ते मला माहीत आहे. पण तिथं गेलेलं पाणी आखाडात येतं. संध्याकाळी गेलं अन् रात्री आलं, असलं पाणी मी जन्मात बघितलं नव्हतं. म्हाताऱ्याला वेड लागलंय असं वाटलं मला. अन् शेवटची एसटी सुटायला थोडाच वेळ उरलेला.

हौसानं चपला काढल्या, लुगडं पोटरीपर्यंत वर खोचलं अन् चिखलात उतरली. मी वरनं हाका मारतोय, अन् ती चालतेच आहे त्या रेघेकडं. मधेच उभी राहिली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. परत आली तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत काळे झाले होते.

"थांबू या का?" म्हणाली. "रात्री येतंय म्हनत्यात."

मी म्हटलं, परक्या गावात कुठं झोपायचं, अन् म्हैस दुसऱ्याच्या दारात.  एसटीत बसल्यावर ती पायाचा वाळलेला चिखल नखानं काढत म्हणाली, "वास तरी खरा हाय."

चैतात तिनंच सगळ्या बाजारासमोर सांगितलं. मला वाटलं, आता नाखवा हसणार अन् मी त्याची गचांडी धरणार. बाया हसल्या, मुलाणी हसला. नाखवानं तागडी खाली ठेवली. तिथी विचारली, वेळ विचारली, अन् कपाळावर हात मारला.

"दाजी, पुनवेला सांजचं पाणी जातं तितकं लांब एरवी कधी जात नाय. दुपारी गेला असतात तर धक्क्याच्या पायरीला लागलं असतं. मधी एवढासाच फरक."

मी म्हटलं, "आमाला काय ठावं? आमी पुनव चांगली म्हनून गेलो."

"चांगलीच हाय. उधाणाचा दिवस तो. निस्तं थांबायला हवं होतं." मग हौसाकडं वळून म्हणाला, बाय, दोघं आमच्याकडं या. माझी बायको हाय, आई हाय. अंगणाच्या गडग्यापर्यंत, दगडी कुंपणापर्यंत, पाणी येतं. चार दिस राहा, एक भरती काय, आठ बघून जाल.

मी म्हटलं, बघू.

"बगू म्हंजी न्हाई," हौसा त्याला म्हणाली, अन् दोघं हसले. माझ्यावर. माझ्यासमोर.

त्यानंतर दर साली तो विचारायचा अन् दर साली मी बघू म्हणायचो. एका साली कौलं शाकारायची होती, एका साली म्हैस व्यायला झाली होती. पण खरं कारण वेगळं होतं अन् ते लिहायला मला लाज नाही. भरलेला समुद्र बघून हौसाच्या तोंडावर जे काही आलं असतं, ते त्याच्या अंगणात आलेलं मला नको होतं. तिनंही परत हट्ट धरला नाही. त्याच्या तरटापाशी बसून गोष्टी तेवढ्या ऐकत राहिली. बोंबलांची ओळ, बांगड्यांची ओळ, अन् मधे फुंकर. बाजारातल्या बाकीच्या बाया कंटाळल्या, ही नाही.

अशातच एका साली श्रावणात ती तापानं गेली. चार दिवस अंग फणफणलं अन् पाचव्या दिवशी सगळं गार. मी रडलो नाही. माणसं जमली, लाकडं ओली होती, त्यांच्यावर रॉकेल ओतायचं होतं, भिंती गळत होत्या. पुढं भात कापायला आलं. रडायचं राहून गेलं म्हणा. घरात कुणी नसताना प्रयत्न केला तर येईना.

चैतात तो आला. बाजारात मी एकटा बघून म्हणाला, "बाय कुठं?"

माझ्या तोंडातनं निघून गेलं, "माहेरी गेलीया."

का म्हणालो? सगळ्या गावानं तिचं काय करायचं ते केलं होतं. तिची भावंडं येऊन रडून गेली, शेजारणी रडून गेल्या. जो तो माझ्या पुढ्यात तिची एकेक आठवण टाकून जायचा, अन् मी ऐकून घ्यायचो. ह्याच्यापाशी तर सगळ्यात जास्त होत्या. त्या उघडून बसला असता तर माझ्या वाटणीला काय राहिलं असतं? त्याच्यापुरती ती माहेरी गेलेली असू दे, असं वाटलं. निदान एका माणसाला तरी ती गेलेली माहीत नसू दे.

तो म्हणाला, बरं, पुढच्या बाजाराला भेट होईल. मी मुलाण्याकडं बघितलं. मुलाण्यानं सगळं ऐकलं होतं. वाटेत मला म्हणाला, "मी न्हाई सांगनार. तुजं तू सांग. पर त्यो इचारल्याबिगर ऱ्हानार न्हाई."

पुढच्या बाजाराला मी जाणार नव्हतो. पाय घेऊन गेले. तो तांबोळ्याच्या ओसरीवर नव्हता, एसटी थांबते तिथं उभा होता. घोटावड्याकडनं येणाऱ्या बाया उतरायच्या अन् हा एकेकीचं तोंड बघायचा. माल अजून बांधलेलाच होता. मला बघून पुढं आला.

"आल्या का?"

"न्हाई."

"मग मी थांबतो. ह्या खेपेला त्यांना निरोप द्यायचाय. आत्या गेली आमची. जाताना म्हणाली, मी गेले म्हणून घाटावरच्या पोरीला सांग."

मी म्हटलं, "थांबू नगंस. ती आता यायची न्हाई."

त्यानं माझ्याकडं बघितलं. तो हळू बोलणारा माणूस आणखी हळू झाला. "कधी?"

"सरावनात."

तो त्यांच्यात म्हणतात तसं काहीतरी अरबीत पुटपुटला. मग जिथं होता तिथंच, एसटीच्या धुरळ्यात, पोत्यावर बसला अन् रडायला लागला. तोंड लपवलं नाही, आवाज दाबला नाही. बाया रडतात तसा, हुंदके देऊन देऊन. माणसं गोळा झाली. मी आजूबाजूला बघतोय, लाज वाटतेय, अन् आत आग लागलीय. मी तिचा नवरा, माझ्या डोळ्यांतनं थेंब निघाला नाही, अन् हा दोन महिन्यांचा पाहुणा भर बाजारात रडतोय. ह्यातही हा माझ्या पुढं.

"गप की आता," मी म्हटलं.

"तिला भरती दाखवायची राहिली, दाजी."

"ती माजी ऱ्हायली. तुजी न्हवं."

त्यानं मान हलवली. "होय. तुमचीच." अन् तरी रडायचा थांबला नाही.

त्या दिवशी त्यानं एकही पोतं उघडलं नाही. पुण्याकडची एसटी आली तशी तांबोळ्यानं अन् मुलाण्यानं त्याचा माल परत टपावर चढवला. मी हात लावला नाही. तो शेवटच्या बाकावर जाऊन बसला, टोपी काढून टोपीनंच तोंड पुसत. त्यानंतर तो आमच्याकडं आला नाही. पुढं कोकणातली मासळी पुण्यातनंच यायला लागली, त्याचं काय झालं मी विचारलं नाही.

एसटी हलली तेव्हा माझ्या शेजारी एक बाई उभी होती, भाजीची पाटी घेऊन, कुठल्या गावची देव जाणे. तिनं खिडकीतल्या त्याच्याकडं बघितलं अन् कळवळून मला विचारलं, "कोन गेलं वं त्यांचं?"

"माजी बायकू गेली," मी म्हटलं.